‘एचबी डाउन होतं, म्हणून बाळ डाउन’: आजाराच्या नावाचा एका घराने लावलेला अर्थ

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे जन्मजात दोष असलेल्या किंवा वाढीत मागे पडणाऱ्या मुलांसाठीच्या सरकारी केंद्रात, हे प्रकरण आमच्याकडे आलं. मी तिथे समुपदेशक आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

बाळ मुलगी, दोन महिन्यांची. आई चोवीस वर्षांची, बारावी शिकलेली. वडील दूध संघाच्या टेम्पोवर चालक. दोघांचं हे पहिलंच मूल. सोबत बाळाची आजी, म्हणजे वडिलांची आई. जन्माच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना बाळाचं अंग सैल वाटलं. डोळ्यांचे बाहेरचे कोपरे वर वळलेले, एका तळहातावर सलग आडवी रेघ, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात जास्त अंतर. डिस्चार्ज कार्डावर त्यांनी इंग्रजीत ‘डाउन सिंड्रोम’ (शरीराची आणि बुद्धीची वाढ सावकाश होते अशी जन्मजात अवस्था) लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि खाली गुणसूत्रांची, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांची, तपासणी सुचवली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून त्याच्या जन्मजात दोषांच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे. त्याच कार्यक्रमाच्या पथकाने या कुटुंबाला आमच्याकडे पाठवलं.

अशा बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, म्हणून २डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधी करून घेतला. हृदयाच्या पडद्याला लहानसं भोक निघालं. त्यावर लगेच काही करायचं नव्हतं, फक्त लक्ष ठेवायचं होतं. वैद्यकीय बाजू अशी बऱ्यापैकी सरळ होती.

अडचण

गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्त द्यायला घर तयार नव्हतं. वडील म्हणाले, “आजाराचं नाव कळलंय, कारणही कळलंय. आता बाळाला सुई कशाला टोचायची?”

कारण काय कळलंय, असं विचारल्यावर त्यांनी आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून बसली होती. उत्तर आजींनी दिलं. गरोदरपणात सुनेचं हिमोग्लोबिन कमी होतं. तपासणीला गेल्यावर प्रत्येक वेळी तिथल्या सिस्टर सांगायच्या, “एचबी डाउन आहे, गोळ्या घ्या.” लोहाच्या गोळ्यांनी मळमळायचं म्हणून ती त्या चुकवायची. “एचबी डाउन हुतं, म्हनून बाळ डाउन झालं. कार्डावर तेच लिव्हलंय की.”

हा अर्थ कुणी खोडसाळपणे लावलेला नव्हता. आपल्याकडे बीपी डाउन होतं, बॅटरी डाउन होते, बँकेत गेलं की सर्व्हर डाउन असतो. या शब्दाचा अर्थ शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतो: कमी होणं, खाली जाणं. सात-आठ महिने तोच शब्द कानावर पडला आणि बाळ झाल्यावर तोच कार्डावर दिसला, तर दोन्हींची सांगड घालायला कुणाला शिकवावं लागत नाही. वडिलांनी तर त्याची पुढची पायरीही गाठली होती. बुद्धी डाउन राहते, म्हणून आजाराचं नाव डाउन.

या सांगडीमुळे बाळाच्या आजाराची जबाबदारी पुराव्यासकट आईवर आली. गोळ्यांची अर्धी भरलेली पाकिटं घरात होती, ती शेजारणींना दाखवून झाली होती. तिला माहेरी पाठवायचं बोलणं चाललं होतं. बाळाला पाजताना ती रडायची. सैल अंगाच्या बाळाला दूध ओढायला मुळातच कष्ट पडतात, त्यात आईने निम्म्यातच पाजणं सोडल्यामुळे बाळाचं वजन वाढत नव्हतं.

दुसरी अडचण तेव्हा आम्हाला दिसली नव्हती. आमच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: घरात आणखी कुणाला डाउन सिंड्रोम आहे का? तिघांनीही ‘नाही’ म्हणून सांगितलं, आणि तिघेही त्यांच्या समजुतीप्रमाणे खरं बोलत होते.

नाव आलं कुठून

पुढचे निर्णय कळायला हे नाव नीट पाहावं लागेल.

डाउन हे एका माणसाचं आडनाव आहे. जॉन लँग्डन डाउन हे इंग्रज डॉक्टर १८२८ साली कॉर्नवॉलमधल्या टॉरपॉइंट इथे जन्मले. १८५८ पासून दहा वर्षं ते सरे परगण्यातल्या अर्ल्सवुड इथे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या मोठ्या संस्थेचे प्रमुख होते. तिथल्या मुलांचं बारकाईने निरीक्षण करून १८६६ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात चेहरेपट्टीचं, जिभेचं, बोलण्याचं तपशीलवार वर्णन केलं. त्यांनी ही लक्षणं एकत्र टिपली म्हणून पुढे अवस्थेला त्यांचं नाव मिळालं. सिंड्रोम हा शब्द ग्रीक आहे, अर्थ ‘एकत्र धावणं’. लक्षणांचा समूह बरोबरच येतो, म्हणून ते नाव. मराठी परिभाषेत त्याला संलक्षण म्हणतात.

डाउन या आडनावाचा उगम माणसाला चकित करणारा आहे. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी. टेकडीपाशी राहणाऱ्यांचं आडनाव डाउन झालं. दक्षिण इंग्लंडमधल्या टेकड्यांच्या रांगेला आजही साउथ डाउन्स म्हणतात. ‘खाली’ या अर्थाचा रोजचा डाउनही त्याच मुळातून आला. ‘टेकडीवरून उतरून’ अशा अर्थाचा जुना शब्दप्रयोग झिजत गेला आणि शेवटी त्यातली फक्त टेकडी उरली. लँग्डन म्हणजे लांब टेकडी. डॉक्टरांच्या नावात अशी दोनदा उंची आहे, कमी असं काहीच नाही.

या अवस्थेचं पहिलं नाव मात्र डाउन नव्हतं. त्या काळी युरोपात माणसांची वंशांत विभागणी करायची पद्धत होती. तिला धरून डाउन यांनी या मुलांना ‘मंगोल’ म्हटलं. डोळ्यांच्या ठेवणीवरून त्यांना मंगोलियाच्या लोकांची आठवण झाली, आधार एवढाच. आणि कारण? त्या निबंधात त्यांनी बोट ठेवलं आईवडिलांच्या क्षयरोगावर. कारण माहीत नसताना दोष आईबापांच्या देहात शोधण्याची सुरुवात तिथपर्यंत मागे जाते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

खरं कारण कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. माणसाला ४६ गुणसूत्रं असतात हे १९५६ साली नक्की झालं. १९५९ साली पॅरिसमध्ये लेजून, गोतिए आणि त्युर्पँ यांनी दाखवलं की या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रं असतात. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त. १९६१ साली काही आनुवंशशास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला पत्र लिहून मंगोल हे नाव टाकून देण्याची विनंती केली आणि पर्यायी नावं सुचवली. त्यांत ट्रायसोमी २१, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती, हेही होतं. संपादकांनी डाउन यांचं नाव निवडलं. १९६५ साली मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे आक्षेप नोंदवला आणि तिथल्या लिखाणातूनही जुनं नाव गेलं. आपल्याकडच्या दवाखान्यांतून ते त्यानंतरही बरीच वर्षं गेलं नाही.

समोरचे पर्याय

केंद्रात आमची बैठक झाली. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका आणि मी.

पहिला विचार होता की नावात शिरायचंच नाही. बाळाला काय द्यायचं, व्यायाम कसे करायचे, तपासण्या कधी, एवढंच बोलायचं. वेळ वाचतो आणि सरकारी केंद्रात वेळ फार थोडा असतो. पण घराने नावाचा अर्थ आधीच लावलेला होता. आम्ही गप्प राहिलो असतो, तर तोच अर्थ कायम राहिला असता आणि पाजण्याचा प्रश्न तसाच राहिला असता. हा पर्याय आम्ही लवकर सोडला.

फिजिओथेरपिस्टचं म्हणणं, डाउन हा शब्दच टाळावा आणि ट्रायसोमी २१ म्हणावं. फ्रान्समध्ये तसंच म्हणतात, आणि त्या नावात कारणही आहे. मला हे मनापासून पटत होतं. आक्षेप परिचारिकेने घेतला. डिस्चार्ज कार्ड, पथकाचं पत्र, उद्याचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, सगळीकडे डाउन लिहिलेलं असणार. आम्ही वेगळं नाव दिलं तर या माणसांना वाटेल की बाळाला दोन आजार आहेत. त्या वेळी हे फक्त तर्काने बोललं गेलं. ते किती खरं आहे ते दोन आठवड्यांनी कळलं.

मराठी नाव घडवण्याची कल्पनाही निघाली. मीच तिला विरोध केला. आमच्या केंद्राबाहेर कुणाला ठाऊक नसलेलं नाव घेऊन ती आई पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात गेली, तर तिचं बोलणं कुणाला कळणार?

शेवटचा पर्याय म्हणजे नाव तेच ठेवायचं, पण ते कुठून आलं ते घरच्यांना सांगायचं. यावर बालरोगतज्ज्ञांची शंका होती की घाबरलेल्या कुटुंबाला इतिहास ऐकवून काय होणार. शंका रास्त होती. म्हणून आम्ही मर्यादा घातली. सांगायचं ते चार-पाच वाक्यांत, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य ‘एचबी डाउन’च्या समजुतीला उत्तर देणारं हवं.

कुणाला सांगायचं हाही निर्णय होता. आईशी एकटीशी बोलणं सोपं गेलं असतं. पण अर्थ लावला होता घराने, तिने नव्हे. तिला एकटीला खरं सांगितलं असतं तर ते घरी जाऊन पटवून द्यायचं ओझंही तिच्यावरच पडलं असतं. म्हणून नावाबद्दल तिघांसमोर बोलायचं आणि नंतर तिच्याशी वेगळं बसायचं ठरलं.

प्रत्यक्षात काय केलं

मी सांगितलं ते साधारण असं: “डाउन हे एका इंग्रज डॉक्टरांचं आडनाव आहे. त्यांनी ही लक्षणं एकत्र लिहून ठेवली. त्या आडनावाचा मूळ अर्थ टेकडी. रक्त कमी असण्याशी या नावाचा काहीएक संबंध नाही. बाळात काही कमी झालेलं नाही, उलट गुणसूत्राची एक प्रत जास्त आली आहे. ती गर्भ राहतानाच येते, तेव्हा गोळ्यांचा प्रश्नही नव्हता.”

वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे आपल्यात डोंगरे असतात, तसं?” तसंच, मी म्हणाले. हे त्यांनी स्वतः शोधलेलं उत्तर होतं आणि पुढे गावात सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं.

त्यांचा पुढचा प्रश्न अवघड होता: “जास्तीची प्रत कुणाकडून आली?” यावर काय बोलायचं ते आम्ही आधी ठरवून ठेवलं होतं. खरं उत्तर असं की बहुतेक वेळा ती चूक स्त्रीबीज तयार होताना होते. ते लपवलं असतं आणि पुढे कुणी मोबाइलवर वाचलं असतं, तर आमच्या सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास उडाला असता. म्हणून सांगितलं, त्याबरोबर हेही सांगितलं की शुक्रबीजातही ही चूक होते, आणि खाण्यापिण्याने, वागण्याने किंवा चुकलेल्या गोळ्यांनी ती घडत नाही. स्त्रीबीजं घडायला सुरुवात होते ती मुलगी स्वतःच्या आईच्या पोटात असताना. हे ऐकून आजींनी सुनेकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच.

मग आजींनी विचारलं, “ह्ये नाव आत्ता निघालं व्हय? पूर्वी काय म्हनायचे?”

इथे खरा निर्णयाचा क्षण होता. जुनं नाव अपमानकारक म्हणून टाकलेलं आहे आणि ते उच्चारू नये अशी आमची रीत आहे. पण त्या साठीच्या बाई होत्या आणि प्रश्न नेमका विचारत होत्या. मी नाव सांगितलं. ते एका देशाच्या लोकांवरून पडलं होतं, चुकीचं होतं, त्या देशानेच हरकत घेतली, म्हणून आता वापरत नाहीत, हेही सांगितलं.

आजी एकदम म्हणाल्या, “मंगोल? मंगळ न्हवं?”

त्यांची थोरली मुलगी, म्हणजे बाळाची आत्या, आता चाळिशीच्या उंबरठ्यावर होती. ती यांच्याच घरात राहायची. लहानपणी तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला पाहून ‘मंगोल’ म्हटलं होतं. घरच्यांनी ऐकलं ‘मंगळ’. पत्रिका काढली गेली, मंगळाची शांत झाली, आणि आजींना त्यांच्या सासूने ऐकवलं की मंगळाची मुलगी पदरात घेऊन आम्ही फसलो. लेकीचं ते दुखणं आपल्या पत्रिकेतून आलं असं ही बाई इतकी वर्षं धरून चालली होती. आणि आता त्याच बाईने सुनेच्या गोळ्यांची पाकिटं शेजारणींना दाखवली होती.

पुढच्या भेटीत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेला कागद आणला. शाई फिकट झाली होती, पण इंग्रजीतला ‘मंगोलिझम’ हा शब्द वाचता येत होता.

परिणाम

त्या कागदाने प्रकरणाची वैद्यकीय बाजूही बदलली. एकाच घरात दोघींना ही अवस्था असेल तर एक शक्यता तपासावीच लागते. साधारण ९५ टक्के मुलांमध्ये एकविसावं गुणसूत्र सुटं, तिसरी प्रत म्हणून असतं, आणि ते घराण्यातून येत नाही. पण तीन-चार टक्क्यांमध्ये त्याचा जास्तीचा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, आणि असं चिकटलेलं गुणसूत्र निरोगी आईकडून किंवा वडिलांकडून पुढे येऊ शकतं. तसं असेल तर पुढच्या बाळंतपणातला धोका वेगळा ठरतो. आता तपासणी टाळण्यासारखी राहिली नव्हती. हे समजावल्यावर वडिलांनी स्वतः रक्त द्यायला बाळाला पुढे केलं. नमुना पुण्याला गेला.

अहवालात ४७ गुणसूत्रं आली, एकविसाव्याची सुटी तिसरी प्रत. म्हणजे बाळाची अवस्था वडिलांच्या घराण्यातून आलेली नव्हती आणि आत्याचं असणं हा योगायोग होता. पुढच्या वेळी पुन्हा असं होण्याची शक्यता शंभरात सुमारे एक आणि गरोदरपणात त्यासाठी तपासण्या करता येतात, हे दोघांना सांगितलं. आईचं वय चोवीस, आजी थोरलीच्या वेळी विशीतही नव्हत्या. वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं, पण तरुण आयांनाही अशी बाळं होतात. बाळंतपणं तरुण वयातच जास्त होत असल्याने संख्येने तर तीच जास्त असतात.

आत्याला त्यानंतर केंद्राबाहेरच्या विभागात तपासलं. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांमध्ये थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे. तिचंही तसंच निघालं. गेली काही वर्षं ती सुस्त झाली होती, दिवसभर झोपायची. घरचे म्हणायचे वय झालं. गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा अंगण झाडायला लागली. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तिचा अर्ज भरला तेव्हा जुना कागद आणि नवं निदान एकच आहे, असं पत्र बालरोगतज्ज्ञांनी सोबत जोडलं. नाहीतर तिथेही दोन नावांचे दोन आजार झाले असते.

बाळाची आई माहेरी गेली नाही. पाजणं सुधारलं, वजन वाढू लागलं, सातव्या महिन्यात बाळ कुशीवर वळायला लागलं, हृदयातलं भोक लहान होतंय. पण तिचं मन एका बैठकीत मोकळं झालं असं मी म्हणणार नाही. वेगळं बसल्यावर ती म्हणाली, “ताई, मला कळतंय सगळं. तरी रात्री वाटतंच, घेतल्या असत्या गोळ्या तर.” तिच्याशी बोलणं पुढेही चालू ठेवावं लागलं. तिच्या अंगात रक्त खरंच कमी होतं, त्याचा उपचार तिच्या स्वतःसाठी हवा होता, आणि या सगळ्या गोंधळात तो मागे पडला होता. तो नंतर सुरू केला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, निदान सांगण्याची वेळ. जन्माच्या वेळी कार्ड हातात देताना दोन मिनिटं बसून नाव समजावलं असतं, तर घराने दोन महिने स्वतःचा अर्थ लावला नसता. ‘हे एका डॉक्टरांचं नाव आहे’ एवढं एक वाक्यही पुरलं असतं. आता आमच्या भागातल्या प्रसूती कक्षांसाठी आम्ही तेवढा मजकूर मराठीत छापून दिला आहे. त्यात डाउन सिंड्रोम आणि ट्रायसोमी २१ ही दोन्ही नावं शेजारी-शेजारी आहेत, म्हणजे पुढे कुठल्याही कागदावर कुठलंही आलं तरी घर बिचकणार नाही.

दुसरी, गरोदरपणातल्या तपासणीची भाषा. ‘एचबी डाउन’ऐवजी ‘रक्त कमी आहे’ म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत. आशाताईंच्या मासिक बैठकीत हे बोललो, बऱ्याच जणींनी ते लगेच उचललं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, ती म्हणजे आमचा फॉर्म. घरात कुणाला डाउन सिंड्रोम आहे का, हा प्रश्न ज्यांना ते नाव आधीपासून ठाऊक आहे त्यांनाच कळतो. आत्या एकाच छताखाली राहत असूनही तो तिच्यापर्यंत पोहोचला नाही. आजींनी जुनं नाव विचारलं नसतं, तर तो कागद पिशवीतच राहिला असता. आता आम्ही नावाऐवजी माणसाबद्दल विचारतो: घरात, नात्यात, माहेरी-सासरी कुणी उशिरा चालायला-बोलायला लागलं, शाळेत मागे राहिलं, चेहरेपट्टी बाळासारखी आहे, असं कुणी आहे का? कुणी लहानपणीच गेलं का? डॉक्टरांनी तेव्हा काय म्हटलं होतं आणि घरी त्याला काय म्हणायचे?

एका मुद्द्यावर केंद्रात अजून एकमत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या मते टाकून दिलेलं नाव आम्ही स्वतःहून उच्चारू नये, कुटुंबाने उच्चारलं तरच त्यावर बोलावं, कारण आम्ही म्हटलं की ते पुन्हा रुजतं. माझं मत वेगळं आहे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या किती माणसांच्या जुन्या कागदांवर तोच शब्द आहे, आणि त्यांची थायरॉइडची तपासणी, ऐकण्याची तपासणी, प्रमाणपत्र, सगळं त्या शब्दामागे अडकून पडलं आहे. आजी-आजोबा सोबत आले तर मी तो शब्द विचारते, कुठून आला आणि का टाकला तेही सांगते, आणि ‘मंगळ’ असं ऐकलं होतं का हेही विचारते.